बायोप्सीत 'पेशींची वाढ' लिहिलंय पण कॅन्सर नाही म्हणतात, हे नक्की काय प्रकरण असतं?

डिचोलकर_पोर
नमस्कार मंडळी. माझा मामा, मयेचा, वय ५८, पूर्वी बिडी ओढायचा, आता सुटलीय. त्याच्या डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा दिसला, बरोबर तुटक्या दाढेच्या समोर. दुखत नाही, जळत नाही, ब्रशने घासून जात नाही. बांबोळीला डेंटल कॉलेजात दाखवलं, त्यांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात हायपरकेराटोसिस आणि अकँथोसिस असं लिहिलंय आणि खाली डिस्प्लेजिया आढळला नाही. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट चांगला आहे, दाढ नीट करून घ्या आणि परत दाखवायला या.
आता मामीच्या भावाने कुठूनतरी वाचून सांगितलं की अकँथोसिस म्हणजे पेशी वाढल्या आणि पेशी वाढणं म्हणजेच कॅन्सर, डॉक्टर लोक लगेच सांगत नाहीत. झालं, घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाहीये.
माझा प्रश्न एवढाच की पेशी वाढल्यात हे तर रिपोर्टच म्हणतोय ना, मग तो साधा कसा? वाढीवाढीत फरक असतो तरी काय? उपचार विचारत नाहीये, त्याला डॉक्टर आहेत, मला कळलं तर मामाला समजावता येईल एवढंच.

नारळीपौर्णिमा
काळजी करू नका, देव बरें करूं. आमच्या शेजारच्या बाईंचं असंच होतं, त्यांनी खोबरेल तेलात हळद घालून लावली आणि गेलं बघा.

दंतकथा
हळदीने नुकसान नाही, पण ती लावत बसून दाखवायला जाणं पुढे ढकललं की नुकसान आहे, एवढं बोलून मी गप्प.
डिचोलकर, मी दातांचा डॉक्टर आहे पण मामांचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे जनरल बोलतो. तुटक्या दाढेच्या समोर चट्टा आणि रिपोर्टात डिस्प्लेजिया नाही, हे वाचून पहिल्यांदा मनात येतं ते घर्षणाने आलेलं जाडेपण. नारळ सोलणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो ना, तेच तोंडात. फक्त तोंडात लाळ असते, जाड झालेला थर सतत भिजलेला राहतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांचा लालपणा झाकला जातो, म्हणून तो पांढरा दिसतो. पेशींच्या आतल्या गोष्टी स्लाइडवालीने सांगाव्यात, तो तिचा प्रांत.

स्लाइडवाली
बोलावलंत म्हणून आले :) हिस्टोपॅथॉलॉजीत आहे, म्हणजे काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं काम, रोज असल्याच स्लाइडी डोळ्यांखालून जातात. जरा लांबण लागेल.
गालाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे एकावर एक थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. विभाजन होतं ते फक्त तळाला, म्हणजे अगदी खालचा बेसल थर आणि त्याच्या लगेच वरच्या एकदोन ओळी. तिथे जन्मलेली पेशी मग वर सरकायला लागते, सरकता सरकता चपटी होते, तिच्यात केराटिन (पेशीला बळकटी देणारं प्रथिन) साठत जातं, आणि वर पोचली की लाळेत गळून जाते. हे सगळं चक्र गालात साधारण दोन आठवड्यांचं, अंगावरच्या कातडीला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे मामांच्याच काय तुमच्याआमच्या गालातसुद्धा पेशी रात्रंदिवस वाढतायत, न वाढल्या तर महिन्याभरात गालाला अस्तरच उरणार नाही. तेव्हा "पेशी वाढणं म्हणजेच कॅन्सर" हे पहिल्याच पायरीवर चुकलं.
आता रिपोर्टातले शब्द. गालाच्या आतल्या कातडीवर एरवी केराटिनचा कडक थर नसतोच, हिरड्या आणि टाळूच्या पुढच्या कडक भागावर असतो कारण तिथे चावताना घास आदळतो. गालावर तो थर आला किंवा फार जाड झाला की हायपरकेराटोसिस. आणि मधला जो मोठ्या पेशींचा थर असतो तो जाड झाला की अकँथोसिस. दोन्ही शब्द फक्त जाडी सांगतात. त्या पेशी शिस्तीत आहेत की नाहीत याबद्दल ते काहीच बोलत नाहीत, ते सांगतो तिसरा शब्द, डिस्प्लेजिया, आणि तो तुमच्या रिपोर्टात "नाही" आहे.
डिस्प्लेजिया असला की चित्र काय दिसतं तर तळाला व्हायला हवं ते विभाजन वरच्या थरांत चाललेलं असतं, केंद्रकं मोठी आणि गडद, एक लहान एक मोठं, तळच्या पेशींची नीट उभी रांग मोडलेली, अस्तराची खाली उतरणारी बोटं थेंबासारखी फुगलेली. हा गोंधळ खालच्या एक तृतीयांशात असेल तर सौम्य, मधल्यापर्यंत चढला तर मध्यम, त्याहून वर गेला तर तीव्र. आम्ही किती पेशी वाढल्या यापेक्षा कुठे वाढल्या आणि वर येताना मोठ्या झाल्या की नाही हे बघतो. पोरं खूप असली म्हणून वर्ग बिघडलेला नसतो :D

बोरीचा_पूल
मी सिव्हिलवाला, त्यामुळे मूर्ख प्रश्न विचारायचा परवाना आहे. जाडी वाढली म्हणजे खाली उत्पादन वाढलं असणारच ना? नाहीतर जादा माल आला कुठून?

स्लाइडवाली
मूर्ख अजिबात नाही. पण जाडी म्हणजे आवक वजा जावक. खाली जन्म तेवढेच राहिले आणि वरून गळणं मंदावलं तरी थर जाड होतो, हायपरकेराटोसिसमध्ये बऱ्याचदा हाही भाग असतो. दुसरं, खरंच जास्त पेशी जन्मतात, घर्षणात, जखम भरताना, बुरशीच्या इन्फेक्शनमध्ये. तिसरं म्हणजे पेशींची संख्या तेवढीच पण पेशी फुगलेल्या, आत पाणी भरलेलं. ल्युकोएडिमा नावाचा एक निरुपद्रवी प्रकार आहे त्यात हेच होतं, दोन्ही गाल आतून दुधाळ करडे दिसतात आणि गाल बोटाने ताणला की पांढरेपणा नाहीसा होतो. त्याला काही करावं लागत नाही.
बाहेरून हे तिन्ही पांढरेच दिसतात. म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून "वाढ फार आहे" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नसतो, मग तो मामीचा भाऊ असो की आणखी कोणी.

अबोली_वळेसर
हे वाचून लिहावंसंच वाटलं कारण आमच्या घरात हा प्रकार वंशपरंपरेने आहे. आजीला होतं, बाबांना आहे, मला आहे आणि धाकट्या भावाला नाही. दोन्ही गालांच्या आत पांढरं, सुरकुतलेलं, स्पंजासारखं, लहानपणापासून. शाळेच्या तपासणीत प्रत्येक वेळी मला बाजूला काढायचे, आई वैतागायची. कॉलेजात असताना फोंड्याच्या एका डॉक्टरांनी तंबाखू खातेस का असं सगळ्यांसमोर विचारलं होतं, ते अजून विसरले नाहीये. शेवटी बायोप्सीत व्हाइट स्पंज नीव्हस निघालं आणि काही करू नका म्हणाले. पण यात पेशी वाढतात की नाही हे कोणी कधी सांगितलंच नाही.

स्लाइडवाली
अबोली, तुमचं उदाहरण या धाग्याला अगदी चपखल आहे. त्यात बिघाड असतो केराटिन ४ किंवा केराटिन १३ च्या जीनमध्ये, हे १९९५ मध्ये कळलं. ही दोन प्रथिनं जोडीने पेशीच्या आत धाग्यांचं जाळं विणतात, आणि ती जोडी गालासारख्या मऊ अस्तरातल्या वरच्या थरांमध्येच असते म्हणून कातडीला काही होत नाही. एक जोडीदार सदोष असला की जाळं कोसळून केंद्रकाभोवती गोळा होतं, पेशी फुगतात, थर जाड आणि फुसफुशीत होतो. मूळ दोष विभाजनाच्या नियंत्रणात नाहीच, तो आहे पेशीच्या सांगाड्यात. म्हणून इतका जाडजूड दिसूनही त्याचा कॅन्सर होत नाही. आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, तुमचा भाऊ सुटला आणि तुम्ही सापडलात.

अबोली_वळेसर
इतकं सरळ कोणी सांगितलं असतं तर कितीतरी मनस्ताप वाचला असता. थँक्यू ताई.

पेडणेकर_आबा
आमच्या लहानपणी पेडण्याकडे म्हाताऱ्या बायका धुमटी ओढत, फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळलेली, आणि पेटतें तोंड आत. होय, आत. वाऱ्यात विझत नाही, राख सांडत नाही, कामाचे हात मोकळे. त्यांच्या टाळूला पांढरे पडलेले मी स्वतः पाहिले आहे. त्यातल्या काही नव्वदीपर्यंत जगल्या. तेव्हा हे सगळे घाबरवणे कशाला?

दंतकथा
आबा, धुमटीचा विषय काढलात ते फार बरं केलंत, आजच्या पोरांना ती माहीतही नाही. गोव्यातल्या उलट्या धुमटीवर रीतसर अभ्यास झालाय, ५,४४९ गावकऱ्यांची तोंडं तपासून, १९७६ मध्ये इंडियन जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये छापून आलाय. खास कॅन्सरआधीच्या खुणा शोधायलाच केलेला.
आणि इथेच वाढीवाढीतला फरक दिसतो. सरळ बिडी, सिगरेट किंवा पाइप ओढणाऱ्याच्या टाळूवर पण पांढरेपणा येतो, मध्ये लाल ठिपके असतात, ते लाळेच्या बारीक ग्रंथींची सुजलेली तोंडं. हा बहुतेक करून उष्णतेचा परिणाम, ओढणं थांबवलं की निवळतो, त्या टाळूच्या चट्ट्याला कॅन्सरआधीचा धरत नाहीत. पण उलटी ओढणाऱ्यांच्या टाळूचा चट्टा मात्र धोक्याचा धरतात, कारण जळतं टोक, धूर आणि त्यातली रसायनं सगळं त्याच जागी. टाळू तीच, रंग तोच, हिशोब वेगळा. नव्वदी गाठलेल्या आजी आपल्याला आठवतात, ज्या पन्नाशीत गेल्या त्यांच्या गोष्टी सांगायला कोणी उरत नाही.
मशेरी लावणाऱ्यांनी पण हे वाचावं. जिथे ती दाबून ठेवता तिथेच पांढरं, सुरकुतलेलं होतं. सोडली तर पुष्कळदा काही आठवड्यांत कमी होतं, न झालं तर तुकडा काढावा.

पेडणेकर_आबा
सांगण्यात दम आहे. मान्य.

खाणवाला
एवढी चर्चा कशाला, सरळ की-६७ टेस्ट करून घ्या ना. माझ्या मेव्हण्याची मुंबईला केली होती (दुसऱ्या आजारात). टक्केवारी येते, कमी आली तर बिनधास्त, जास्त आली तर कापून टाका. विषय संपला.

स्लाइडवाली
नाही हो, तिथेच तर विषय चालू होतो.
की-६७ हे केंद्रकातलं प्रथिन, १९८३ मध्ये जर्मनीतल्या कीलमध्ये त्याची अँटिबॉडी बनली. जी पेशी विभाजनाच्या चक्रात आहे तिच्यात ते असतं, जी विश्रांतीत गेली तिच्यात नसतं. स्लाइडवर तपकिरी ठिपके दिसतात, ते मोजायचे. गंमत म्हणजे निरोगी गालात पण ते दिसणारच, तळाच्या ओळींत, आणि अगदी खालच्या ओळीपेक्षा तिच्या वरच्या ओळीत जास्त, कारण मूळ पेशी स्वतः सावकाश विभागतात आणि त्यांच्या लेकी भराभर.
घर्षणाच्या चट्ट्यात ठिपके वाढलेले असू शकतात पण राहतात तळाशीच. लायकेन प्लॅनस, म्हणजे तोंडात पांढऱ्या जाळीसारखे चट्टे आणणारा आजार, त्यात सूज असते म्हणून वाढतात. नुकताच गाल चावला असेल आणि जखम भरत असेल तर भरपूर वाढतात. डिस्प्लेजियात ते वर चढायला लागतात, मधल्या थरांत दिसतात जिथे पेशीने विभाजन कधीच सोडून द्यायला हवं होतं. म्हणजे आकड्यापेक्षा उंची महत्त्वाची. आणि "इतक्या टक्क्यांच्या वर वाईट" अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ तोंडाच्या पांढऱ्या चट्ट्यांसाठी नाही. आम्ही की-६७ मागवतो ते शंका असेल तेव्हा जोडीला, निर्णय साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरच होतो. पेशंटने स्वतःहून पैसे घालून करायची ही टेस्ट नव्हे.

बोरीचा_पूल
मग घर्षणात वाढ सुरू कोण करतं आणि थांबवतं कोण? कंट्रोल सिस्टिम काय?

स्लाइडवाली
वरच्या पेशी दुखावल्या की त्या शेजारणींना रासायनिक निरोप सोडतात, त्यांत वाढीचे घटक असतात. त्यातला एक, ईजीएफ, तर लाळेतच असतो. स्टॅन्ली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला, १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनींबरोबर मिळालं. ईजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतो, आत निरोप पोचतो, पेशी चक्रात शिरते. थांबवणारी यंत्रणा वेगळी, पी५३ सारखी प्रथिनं डीएनए बिघडलाय का बघतात, बिघडला असेल तर विभाजन रोखतात किंवा पेशीलाच मारतात.
घर्षणाच्या चट्ट्यात सुरू करणारा निरोप जोरात आहे पण थांबवणारी यंत्रणा शाबूत आहे. दाढेचं टोक गेलं की निरोप थांबतो आणि काही आठवड्यांत अस्तर मूळ जाडीवर येतं. तंबाखू काय करते तर निरोपही वाढवते आणि डीएनएवर घावही घालते, वर्षानुवर्षं, आणि एखाद्या दिवशी एखाद्या तळच्या पेशीत थांबवणारी यंत्रणाच तुटते. मग तंबाखू सोडली तरी त्या पेशीची वंशावळ आपल्या मनाने चालत राहते. कारण काढल्यावर वाढ मागे फिरते का, हाच खरा फरक.

कोकमसोल
व्हिटॅमिन एच्या गोळ्यांनी पांढरे चट्टे जातात असं आमच्या मेडिकलवाल्याने सांगितलं. खरं का?

दंतकथा
अर्धं खरं आणि म्हणूनच घातक. व्हिटॅमिन एचा भाऊबंद, आयसोट्रेटिनॉइन, १९८६ च्या एका गाजलेल्या ट्रायलमध्ये दिला होता, चट्टे बऱ्याच जणांचे लहान झाले. पण औषध बंद केल्यावर निम्म्याहून जास्त लोकांचे काही महिन्यांत परत आले. ओठ फाटणं, कातडी सोलणं वगैरे त्रास वेगळाच, आणि गरोदर बाईने घेतलं तर बाळाला व्यंग येऊ शकतं. पेशींना शिस्तीत मोठं व्हायला हे औषध लावतं, पण तळाशी बिघडलेली पेशी तिथेच बसून राहते. गोळ्यांनी चट्टा फिकट झाला म्हणून कॅन्सर टळतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. मेडिकलवाल्याला म्हणावं तू पट्ट्या मोज.

डिचोलकर_पोर
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावत नाही. अपडेट: दाढेची धार घासून गुळगुळीत केली, नंतर कॅप बसवणार आहेत. डॉक्टरांनी काल गाल बघितला, चट्टा फिकट झालाय आणि कडेने मिटायला लागलाय म्हणाले. एक शंका. रिपोर्टात ल्युकोप्लाकिया हा शब्द कुठेच नाही पण नेटवर पांढरा चट्टा म्हटलं की तोच येतो. मामाला ते आहे की नाही?

दंतकथा
हा शब्द १८७७ सालचा, श्विमर नावाच्या हंगेरियन डॉक्टरांचा, आणि तेव्हापासून लोक कुठल्याही पांढऱ्या डागाला तो चिकटवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८ च्या व्याख्येपासून अर्थ असा की इतर कुठल्याही आजारात बसवता येत नाही असा पांढरा चट्टा. म्हणजे आधी बाकीचे सगळे वजा करायचे, घर्षण, बुरशी, लायकेन प्लॅनस, गाल चावायची सवय, अबोलींचा प्रकार, आणि उरेल त्याला हे नाव. मामांचं कारण सापडलं आणि कारण काढल्यावर चट्टा मिटतोय, तर ते ल्युकोप्लाकिया नाही.
पण उलट बाजू पण सांगतो नाहीतर कोणी हा धागा वाचून घरी बसेल. डिस्प्लेजिया नाही असा रिपोर्ट म्हणजे त्या तुकड्यात नाही. चट्टा मोठा असेल तर तुकडा बऱ्या भागातला आलेला असू शकतो. कारण सापडत नसेल आणि चट्टा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असेल तर रिपोर्ट साधा असला तरी आम्ही सोडत नाही, बोलावत राहतो. पांढऱ्यात लाल मिसळलंय, खरखरीत दाणे आहेत, हाताला टणक लागतंय, न भरणारी जखम आहे, यातलं काहीही असेल तर दुसऱ्यांदा तुकडा. नुसता लाल मखमली चट्टा तर पांढऱ्यापेक्षा कितीतरी वाईट, आणि तो दुखत नाही म्हणून लोक येतच नाहीत.

खाणवाला
बरं, की-६७ मागे घेतो. पण पुढे कधी गरज पडली तर तेव्हा परत तुकडा काढायचा का? तो जुना कुठे जातो?

स्लाइडवाली
जुना तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, ब्लॉक म्हणतात त्याला. त्यातून चारपाच मायक्रॉनचे काप काढून स्लाइड बनते आणि बाकीचा ब्लॉक लॅबमध्ये राहतो. नंतर की-६७, पी५३ किंवा बुरशीसाठीचा पीएएस रंग, सगळं त्याच ब्लॉकवर होतं. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत हवं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक अर्ज देऊन मागता येतात. लॅबवाले कायमचे ठेवतीलच असं धरून चालू नका, किती वर्षं ठेवतात ते तिथेच विचारा. डिचोलकर, रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बायोप्सी नंबर असेल, त्याचा फोटो काढून ठेवा, ब्लॉक त्याच नंबरावर शोधतात, नावावर नाही.